रक्ताचे विरजण : स्टेम सेलने नेमके काय बरे होते?

पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव या भागांतून सिकलसेलचे मूल घेऊन यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात येणाऱ्या आईच्या हातात बहुतेक वेळा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात जुने रिपोर्ट, सिकलसेलचे कार्ड, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि मागच्या भरतीचा डिस्चार्ज कागद असतो. अलीकडे या पिशवीत आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे, ती म्हणजे कुणीतरी दिलेले रंगीत पत्रक किंवा मोबाइलवर आलेला व्हिडिओ. ‘स्टेम सेल थेरपी. असाध्य आजार मुळापासून बरा.’ तपासणी संपली, गोळ्या समजावून झाल्या की बाप हळूच विचारतो, “साहेब, एक एकर इकलं तं पोरगं पुरं बरं होईन का?”

या प्रश्नाला सरळ ‘हो’ म्हणता येत नाही आणि सरळ ‘नाही’ही म्हणता येत नाही. स्टेम सेलने सिकलसेल मुळापासून बरा होऊ शकतो, हे खरे आहे. पण पत्रकात जे विकले जाते ते बहुतेक वेळा ते नसतेच, हेही तितकेच खरे आहे. एक एकर कापसाचे रान विकायचे की नाही, हे ठरवायला हा फरक कळणे भाग आहे. त्यासाठी स्टेम सेल, म्हणजे मराठीत ज्याला मूलपेशी म्हणतात, ती चीज काय आहे हे आधी पाहू.

चमचाभर विरजण

घरात रोज रात्री दूध विरजले जाते. सकाळी दही होते, ते सगळे संपवत नाहीत. चमचाभर बाजूला ठेवतात, कारण उद्याचे दही त्याच चमच्यातून व्हायचे असते. आपल्या हाडांच्या पोकळीतही असेच एक विरजण आहे. हाडातल्या मऊ भागाला अस्थिमज्जा म्हणतात. मोठ्या माणसात ती मुख्यतः कमरेचे हाड, छातीचे हाड, बरगड्या आणि मणक्यांत कामाला असते. तिच्यात रक्ताच्या मूलपेशी राहतात.

रक्त हे सतत खर्च होणारे द्रव्य आहे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट आठ-दहा दिवस टिकतात, तर जंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशींचे आयुष्य अवघे एखाद्या दिवसाचे. ही तूट भरून काढायला अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार करते. एवढा कारखाना आयुष्यभर चालतो, कारण मूलपेशीला दोन गोष्टी येतात. तिची वाढ होताना काही पेशी पुढे तांबड्या, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट होण्याच्या वाटेला लागतात आणि काही पेशी मूलपेशीच राहतात. म्हणजे दहीही होते आणि विरजणही उरते. ज्या पेशीला या दोन्ही गोष्टी जमतात तिलाच मूलपेशी म्हणायचे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळेच होतो. मूलपेशी एकाच प्रकारची नसते. आईच्या पोटात पहिल्या काही दिवसांच्या गर्भातली मूलपेशी शरीरातला कोणताही अवयव घडवू शकते. जन्मानंतर मात्र प्रत्येक खात्याची मूलपेशी वेगळी होते. कातडीची मूलपेशी कातडी करते. आतड्याच्या अस्तराची मूलपेशी चार-पाच दिवसांत ते अस्तर नवे करते. रक्ताची मूलपेशी रक्त करते. दह्याच्या विरजणाने दही लागते, त्याने इडलीचे पीठ दळून होत नाही. तसेच रक्ताच्या मूलपेशी मेंदूजवळ नेऊन सोडल्या म्हणून मेंदू तयार होत नाही.

अणुबॉम्बपासून मुंबईपर्यंत

हे ज्ञान माणसाला फार दुःखातून मिळाले. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. स्फोटातून आणि आगीतून वाचलेले अनेक लोक पुढच्या काही आठवड्यांत ताप, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने गेले. किरणोत्साराने त्यांची अस्थिमज्जा जळून गेली होती. त्यानंतर शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग सुरू केले. घातक किरण दिलेल्या उंदराला दुसऱ्या उंदराची मज्जा शिरेतून दिली तर तो जगतो, असे दिसले.

१९५७ मध्ये अमेरिकेतील डॉ. ई. डोनल थॉमस यांनी माणसांवरील अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत, तरी ते काम सोडून गेले नाहीत. १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९६१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांना उंदरांच्या प्लीहेवर छोट्या गाठी दिसल्या. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली होती आणि तिच्यात रक्तातल्या निरनिराळ्या पेशी होत्या. मूलपेशी ही कल्पना नसून खरोखर अस्तित्वात असलेली वस्तू आहे, याचा तो पुरावा होता.

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलीवर ते केले.

विदर्भाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची घटना मात्र १९८४ ची आहे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात आठ वर्षांच्या एका मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. तिला जन्मापासून सिकलसेलही होता. डॉक्टरांनी कर्करोगासाठी तिच्यावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. कर्करोग गेला आणि त्याच्याबरोबर सिकलसेलही गेला. ‘हा आजार मुळापासून बरा होऊ शकतो’ हे वैद्यकशास्त्राला अशा आडवाटेने कळले.

विदर्भाच्या रक्तातला इळा

मध्य भारतात सिकलसेल आहे, याची नोंद नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केली. आज यवतमाळ, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, अमरावती या जिल्ह्यांत हा आजार घरोघरी ऐकलेला आहे. आदिवासी समाजांत तो आहे, अनुसूचित जातींत आहे आणि अनेक इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. हिवतापाच्या प्रदेशात हजारो वर्षे राहिलेल्या लोकांत हा दोष टिकून राहिला, कारण दोषाची एकच प्रत असलेल्या माणसाला गंभीर हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. हा कुणाच्या पापाचा किंवा कुळाचा दोष नाही. डासांशी झालेल्या जुन्या लढाईची ती खूण आहे.

आजार होतो तो अगदी छोट्या चुकीने. तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन बनवण्याची कृती जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत एक अक्षर बदलते. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार करते आणि गोल, लवचीक पेशी इळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, पोट, छाती असह्य दुखू लागते. ताप, थंडी, उन्हाळ्यात पाणी कमी पिणे, फार दगदग ही वेदना सुरू होण्याची नेहमीची कारणे. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा मे महिन्यात अशी मुले जास्त वेळा वॉर्डात दिसतात. १२० दिवस जगणारी पेशी इथे दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे.

आई आणि वडील या दोघांकडून दोष आला तर मूल सिकलसेलग्रस्त होते. त्याला ‘एसएस’ म्हणतात. एकाकडूनच आला तर मूल वाहक होते, त्याला ‘एएस’ म्हणतात. वाहकाला सहसा त्रास नसतो आणि त्याचे आयुष्य सर्वसाधारण असते.

आता विरजणाचा हिशेब लावून पाहा. सिकलसेलमध्ये खराब झालेली पेशी ही रोजचे दही आहे. तिच्या जागी बाहेरून रक्त चढवणे म्हणजे शेजारून वाटीभर दही आणणे. आजचे जेवण निभावते, पण उद्या घरचे दही पुन्हा तसेच लागते, कारण बिघाड विरजणात आहे. विरजणच बदलले तर रोजचे दही आपोआप चांगले येईल. अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणजे हेच. थॅलेसेमिया, ॲप्लास्टिक ॲनिमिया आणि रक्ताचे काही कर्करोग याच कारणाने प्रत्यारोपणाने बरे होऊ शकतात. या सगळ्यांत बिघाड रक्ताच्या कारखान्यात असतो आणि आपण तो कारखानाच बदलतो.

प्रत्यारोपणात प्रत्यक्ष काय करतात?

‘प्रत्यारोपण’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठे ऑपरेशन येते. रुग्णाच्या बाबतीत तसे काही नसते. आधी त्याला काही दिवस जोरकस केमोथेरपी दिली जाते. भांडे खरवडून, उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावे तशी जुनी मज्जा रिकामी केली जाते. मग दात्याच्या मूलपेशींची पिशवी रक्ताच्या बाटलीसारखीच शिरेतून चढवतात. या पेशी रक्तातून फिरत फिरत आपल्या आपण हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात. दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त तयार होऊ लागते. दात्याचा आणि रुग्णाचा रक्तगट वेगळा असेल तर पुढे रुग्णाचा रक्तगटही दात्याचा होतो.

खरी अडचण मधल्या दिवसांत असते. त्या काळात शरीरात जंतूंशी लढणारी फौज नसते. साधा बुरशीचा संसर्गही जिवावर बेतू शकतो, म्हणून रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. दुसरा धोका उलट्या दिशेचा आहे. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाची कातडी, यकृत आणि आतडी यांना परकी समजून त्यांच्यावर हल्ला करू शकतात. केमोमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, हेही पालकांना आधीच सांगावे लागते. नंतर महिनोन्‌महिने औषधे आणि तपासण्या चालतात. घर रुग्णालयाजवळ घ्यावे लागते, एका पालकाची मजुरी बुडते.

एवढे सोसल्यावर फळ काय? ज्यांना पूर्ण जुळणाऱ्या भावंडाच्या मूलपेशी मिळाल्या अशा जगभरातील १,००० सिकलसेल रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर त्यांतील ९३ टक्के जिवंत होते आणि ९१ टक्के आजारमुक्त होते. लहान वयात प्रत्यारोपण झालेल्यांत निकाल अधिक चांगले होते. पण १०० मधले सात जण गेले, हाही आकडा त्याच अभ्यासातला आहे. म्हणून प्रत्येक सिकलसेलच्या मुलाचे प्रत्यारोपण करा, असे कोणताही जाणता डॉक्टर सांगत नाही. ज्याला लकवा येऊन गेला, ज्याची छाती वारंवार भरते, औषध चालू असूनही जो महिन्यामागून महिने वॉर्डात असतो, अशांचा विचार आधी होतो.

बाकीच्या बहुसंख्य मुलांसाठी हायड्रॉक्सीयुरिया ही स्वस्त गोळी मोठे काम करते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्याच मुलांवर अभ्यास करून दाखवले, की या औषधाच्या कमी मात्रेनेही वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज खूप कमी होते. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरावीक काळाने रक्त तपासून घ्यायची असते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडायची नसते.

भाऊ, बहीण आणि चारातला एक

विरजण कुणाचेही चालत नाही. पेशींच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात. त्यांना एचएलए म्हणतात. त्या जुळाव्या लागतात. मूल अर्ध्या खुणा आईकडून आणि अर्ध्या वडिलांकडून घेते, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. दोन भावंडे असली तरी ती निम्म्याच्या आतच राहते. भावंड वाहक असले तरी ते दाता होऊ शकते. ते एसएस मात्र नसावे. भावंडात कुणी जुळले नाही तर देशातील दाता नोंदणी संस्थांत शोध घेता येतो. चेन्नईतील ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून हे काम करते. वडील किंवा आईच्या निम्म्या जुळणाऱ्या पेशी वापरण्याचे तंत्रही पुढे गेले आहे, पण त्यात धोका जास्त आहे.

दाता सापडला तरी घरात दुसरी लढाई सुरू होते. ‘मज्जा काढली तर पोरगी कमजोर होईल’, ‘मणक्यातून काढतात, लकवा होतो’, ‘पुढं लग्नाचं कसं?’ दात्री बहीण असली की हे प्रश्न दुप्पट होतात. वस्तुस्थिती अशी आहे. मज्जा कमरेच्या हाडातून, भूल देऊन, सुईने काढतात. मज्जारज्जू ही वेगळी गोष्ट आहे, तिला हातही लावला जात नाही. दुसऱ्या पद्धतीत दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शन देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राने वेगळ्या करतात. काही दिवस कंबर दुखते, थोडा थकवा राहतो. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. शेजारणीला चमचाभर विरजण दिले म्हणून आपल्या घरचे दही कमी होत नाही, तसेच हे आहे. लग्नात, बाळंतपणात किंवा शेतकामात त्याची आडकाठी नसते.

नाळेचे रक्त जपून ठेवावे का?

बाळंतपणाच्या आधी अनेक जोडप्यांना खासगी बँकांचे प्रतिनिधी भेटतात. ‘बाळाची नाळ जपा, आयुष्यभराचा विमा’ असे सांगतात. नाळेच्या रक्तात मूलपेशी असतात, यात शंका नाही. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतल्या रक्ताने बरे केले. पण ते रक्त बहिणीचे होते, त्याचे स्वतःचे नव्हते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या बाळाच्या स्वतःच्या नाळेत तोच दोष असतो. बिघडलेले विरजण बर्फात जपून ठेवले, तरी पुढे दही तसेच लागणार.

म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेचे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे म्हटले आहे. अपवाद एकच. घरात आधीच असे आजारी मूल असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर नव्या बाळाच्या नाळेचे रक्त थोरल्याच्या कामी येऊ शकते. हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

आशेचा बाजार

आता त्या रंगीत पत्रकाकडे वळू. त्यावर सिकलसेलबरोबर मतिमंदत्व, ऑटिझम, लकवा, मधुमेह, किडनी, पार्किन्सन, गुडघेदुखी आणि केस गळणे अशी सगळी यादी असते. एकाच उपचाराने इतके वेगवेगळे आजार बरे होत असतील, तर तिथेच थांबून विचार करावा.

अशा दुकानांत सामान्यतः रुग्णाच्याच पोटावरची चरबी किंवा मज्जा काढतात, तिच्यातून काही पेशी वेगळ्या करतात आणि शिरेतून किंवा पाठीतून टोचतात. शिरेतून दिलेल्या अशा बहुतांश पेशी फुप्फुसात अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. त्यांच्यापासून नवा मेंदू किंवा नवी किडनी तयार होत नाही. सुरुवातीला ‘थोडे बरे वाटते’ ते बहुधा आशेने आणि सोबत चाललेल्या व्यायामाने. नुकसान मात्र खरे असते. अमेरिकेतील फ्लोरिडात तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत चरबीतल्या पेशी टोचल्या गेल्या. त्यांची उरलीसुरली नजरही गेली. २०१७ मध्ये ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांनी त्यासाठी पैसेही मोजले होते.

याचा अर्थ मूलपेशींचे शास्त्र रक्तापाशीच थांबले आहे, असा नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी वाढवून, चुन्याने किंवा रसायनाने भाजलेल्या डोळ्यांवर बसवण्याचे काम दोन दशकांहून अधिक काळ चालले आहे. तिथेही सूत्र तेच आहे, बुबुळाच्या पेशी बुबुळासाठी. गुडघ्याची झीज आणि पायाच्या बंद झालेल्या रक्तवाहिन्या यांसाठी प्रयोगशाळेत तयार केलेल्या एका पेशी-उत्पादनाला भारताच्या औषध नियंत्रकांनी मर्यादित परवानगी दिली आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या कातडीच्या पेशीला पुन्हा गर्भातल्या मूलपेशीसारखे करून दाखवले. त्याबद्दल त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले. त्यावर आधारित उपचारांच्या चाचण्या जगभर चालू आहेत. पण चाचणी चालू असणे आणि उपचार सिद्ध होणे यांत मोठे अंतर असते.

भारतात नियम स्पष्ट आहेत. २०१७ च्या सूचनांनुसार रक्ताच्या मान्य आजारांतील प्रत्यारोपण सोडून मूलपेशींचा इतर वापर हे संशोधन आहे. ते परवानगी घेऊन, नोंदणी केलेल्या चाचणीतच व्हायला हवे आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. ऑटिझमसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असा उपचार देणे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले.

म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत. माझा आजार रक्ताच्या कारखान्यातला आहे का? पेशी कुणाच्या आणि कुठून काढलेल्या? ही चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक कोणता, आणि मग पैसे कशाचे? हाच उपचार सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा टाटासारख्या संस्थेत करतात का, नसेल तर का नाही? या प्रश्नांवर जो चिडतो किंवा ‘आजच भरले तर सूट’ म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे.

स्वतःचेच विरजण दुरुस्त करणे

दाता मिळत नाही त्यांच्यासाठी नवी वाट उघडली आहे. गर्भात असताना आपल्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते. ते इळ्यासारखे वाकत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचा कारखाना बंद होतो. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते. ‘कॅसजेव्ही’ या उपचारात रुग्णाच्याच मूलपेशी काढून, जनुकीय कात्रीने ती बंद करणारी कळ निकामी करतात आणि केमो देऊन त्या पेशी परत चढवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे जवळपास १८ कोटी रुपये ठेवली गेली. झरी-जामणीच्या मजुरासाठी या आकड्याला काही अर्थ नाही. त्यामुळे दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संस्थेने बिरसा मुंडांच्या नावाने विकसित केलेला स्वस्त जनुकीय उपचार महत्त्वाचा आहे. मात्र तो अजून रोजच्या उपचारात आलेला नाही. त्याच्या नावाने कुणी आज पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजावी.

एकर विकण्याआधी

मग त्या बापाला काय सांगायचे? जमीन विकायची घाई करू नका. पोराची हायड्रॉक्सीयुरिया नियमित चालू ठेवा, लसी पूर्ण करा, पाणी भरपूर पाजा, ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात आणा. झटके वारंवार येत असतील तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागातून प्रत्यारोपण केंद्राकडे चिठ्ठी घ्या आणि सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी करा. तिथे पुढचा रस्ता ठरतो.

खर्च लाखांत जातो, पण सगळा खिशातून करावा लागेल असे नाही. कोल इंडियाच्या सामाजिक दायित्व निधीतून २०१७ पासून ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ चालते. रक्ताच्या आनुवंशिक आजारांत, जुळणारा दाता घरात असलेल्या मुलांच्या प्रत्यारोपणासाठी ती सुरू झाली आणि तिच्यात दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. वणी परिसरातल्या खाणींतून कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही त्याच कोल इंडियाची कंपनी. तरी वणी-मारेगावातल्या किती पालकांना ही योजना माहीत असेल? सध्या ती कोणत्या आजारांना आणि किती उत्पन्नापर्यंत लागू आहे, हे केंद्रातल्या समाजसेवा अधीक्षकांकडून विचारून घ्यावे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही तिथूनच करता येतो.

आणि ज्यांच्या घरी अजून कुणी आजारी नाही त्यांचे काम सगळ्यात सोपे आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. ती सदोष आली तर पुढची खात्रीची चाचणी करतात. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक बाळ एसएस होण्याची शक्यता असते. पत्रिका जुळवण्याआधी दोघांची कार्डे पाहिली, तर ही वेळच येत नाही. लग्न ठरूनच गेले असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीला डॉक्टरांना सांगितले तरी मार्ग निघतात.

यवतमाळहून परतीची एसटी पकडण्याआधी त्या आईच्या पिशवीत गोळ्यांबरोबर एक चिठ्ठी ठेवली जाते, भावाला आणि बहिणीला पुढच्या खेपेला सोबत आणण्याची. चारातली एक संधी असते. ती आधी तपासून पाहावी. शेत विकण्याचा विचार त्यानंतर.